गळ, दोर आणि होडी : ॲलिगेटरच्या शिकारीची साधने व त्यांचा इतिहास

मराठी वाचकाची मगरीशी पहिली ओळख बहुधा वाङ्मयातून होते. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राचा पाय धरणाऱ्या जलचराला 'ग्राह' म्हटले आहे. ग्राह म्हणजे धरणारा. रोजच्या बोलण्यातील 'मगरमिठी' हा शब्दही हाच अर्थ सांगतो. आपल्या पूर्वजांनी ह्या प्राण्याला नाव देताना त्याच्या दातांचा, शेपटीचा किंवा रूपाचा विचार केला नाही. त्याच्या पकडीचा केला. ज्याने धरले तो सोडीत नाही, हे त्याचे मुख्य लक्षण मानले गेले.

मनुष्याने ह्या प्राण्याची शिकार आरंभिली तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न नेमका उलट होता. जो सर्वांना धरतो त्याला धरावयाचे कसे? मारणे ही पुढची गोष्ट; आधी पकड हवी. ह्या प्रश्नाची जी उत्तरे निरनिराळ्या काळी दिली गेली, त्यांचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे. क्षेत्र म्हणून आम्ही उत्तर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील दलदली घेतल्या आहेत. ह्या शिकारीचा इतिहास तेथे सुमारे साडेचारशे वर्षे मागे नेता येतो, आणि त्या इतिहासाच्या अखेरीस जे घडले ते विचार करण्याजोगे आहे.

प्रथम प्राण्याविषयी थोडे. गोमंतकात कुंभारजुव्याच्या कालव्यात, सांगलीकडे कृष्णेत किंवा बडोद्यात विश्वामित्रीच्या पात्रात जी आढळते ती आपली मगर. लांब, अरुंद जबड्याची ती सुसर. अमेरिकेतील ॲलिगेटर हा ह्या दोघींचा दूरचा भाऊबंद होय. त्याचा जबडा रुंद व पुढे गोलसर असतो, आणि तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातील चौथा दात दिसत नाही, मगरीचा दिसतो. जगात ॲलिगेटरच्या दोनच जाती आहेत, एक अमेरिकेत व दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात. नावाची कथाही गमतीची आहे. स्पॅनिश लोकांनी हा प्राणी पाहून त्याला 'एल लागार्तो', म्हणजे 'तो सरडा', म्हटले. इंग्रज खलाशांच्या तोंडी त्याचे ॲलिगेटर झाले. दहाबारा फुटांच्या प्राण्याला सरडा म्हणणाऱ्यांची कल्पकता थोडी की धैर्य मोठे, हे वाचकांनीच ठरवावे.

ह्या कुळातील प्राण्याच्या शिकारीचे फार जुने वर्णन हिरॉडोटसच्या इतिहासग्रंथात, ईजिप्तविषयीच्या दुसऱ्या भागात, आहे. नाईल नदीच्या मध्यप्रवाहात डुकराच्या पाठीचे मांस लावलेला गळ सोडीत. काठावर शिकारी एका जिवंत डुकराला बडवीत बसे. ओरडणे ऐकून मगर त्या दिशेने निघे, वाटेत तिला आमिष भेटे, व ते गिळल्यावर तिला ओढून बाहेर काढीत. काठावर आणताच पहिले काम म्हणजे तिच्या डोळ्यांवर चिखल थापणे. डोळे झाकले की पुढचे सोपे, न झाकले तर फार कठीण, असे हिरॉडोटस नमूद करतो. गळ, आमिष, दोर, ओढणे आणि मारण्यापूर्वी प्राण्याला निष्प्रभ करणे हा जो क्रम येथे दिसतो तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची आठवण पुढे होणार आहे.

अमेरिकेतील पहिले चित्र सोळाव्या शतकातील आहे. फ्रेंचांनी १५६४ मध्ये फ्लॉरिडात कॅरोलिन नावाचा किल्ला बांधला. पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी तो घेतला. त्या वसाहतीत झाक ल मॉइन नावाचा चित्रकार होता. त्याच्या चित्रांवरून थिओडोर द ब्रीने केलेली कोरीव चित्रे १५९१ मध्ये फ्रांकफुर्ट येथे प्रसिद्ध झाली. त्यांतील एकात तिमुकुआ लोक ॲलिगेटर मारताना दाखविले आहेत. नदीकाठी फटी असलेली एक झोपडी बांधून पहारेकरी बसे. भुकेला प्राणी बाहेर आला की तो इतरांना हाक मारी. मग दहाबारा जण एक लांब, टोकाकडे निमुळता होत गेलेला ओंडका घेऊन समोरून धावत व त्याच्या उघड्या जबड्यात तो खुपशीत. साल खरखरीत असल्यामुळे ओंडका परत निसटत नसे. मग प्राण्याला पाठीवर उलथून त्याच्या मऊ पोटावर सोटे व बाण चालवीत. चित्रातील प्राणी अवाच्या सवा मोठा काढलेला आहे, आणि कोरणाऱ्याने मूळ चित्रात स्वतःची भर किती घातली ह्याविषयी पंडितांत वाद आहे. तरी युक्तीचे मर्म पटण्यासारखे आहे : ज्या जबड्याने तो धरतो त्या जबड्यानेच त्याला धरावयाचे.

पाण्यावर मात्र बाजू उलटते. १७७४ मध्ये विल्यम बार्ट्रम हा वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीवर एकटाच लहान होडीतून हिंडत होता. मासे धरण्यासाठी एका जलाशयाकडे निघताना झटापटीत बंदूक पाण्यात पडेल ह्या भीतीने त्याने ती मुक्कामावरच ठेविली आणि हाती एक सोटा घेतला. वाटेत त्याच्यावर चहूंकडून हल्ला झाला. होडी उलटण्याच्या बेतात आली. सोट्याने तडाखे देत तो काठाला लागला आणि मग काठाकाठानेच गेला, म्हणजे निदान एका बाजूने तरी भय उरू नये. १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनातील हा भाग अनेकांना अतिरंजित वाटला. पण बंदूक मागे ठेवण्याचा त्याचा निर्णय आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. डगमगत्या होडीतून पाण्यातल्या प्राण्यावर गोळी झाडणे हे तितकेसे कामाचे नाही, हे त्याला उमगले होते.

ते इतरांना उमगावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. मध्यंतरी कातड्याला किंमत आली. पक्ष्यांचा चित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या ऑड्युबॉनने १८२७ मध्ये ॲलिगेटरविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की ह्या कातड्याचे जोडे व खोगिरे वापरण्याची लाट आली तेव्हा रेड नदीवर हजारोंनी मोठमोठे प्राणी मारले गेले. ती लाट ओसरली, पण अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) दक्षिणेत चामड्याची टंचाई पडल्यावर पुन्हा ह्या कातड्याकडे लक्ष गेले. पुढे कातडी कमावण्याची कृती सुधारली आणि पाकिटे, पेट्या व बायकांच्या हातपिशव्या ह्यांसाठी कारखान्यांतून नियमित मागणी सुरू झाली. उपयोग होई तो मुख्यतः पोटाच्या व कुशीच्या कातड्याचा; पाठीच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असल्यामुळे तो भाग बहुधा टाकून देत. एवढ्या मोठ्या प्राण्याचा एवढाच भाग विक्रीचा, ही गोष्ट त्या संहाराचे स्वरूप समजण्यास पुरेशी आहे.

ह्या धंद्याची खरी शाळा म्हणजे रात्रीची होडी. लुइझियानात 'पिरोग' नावाची अरुंद, चपट्या बुडाची होडी असे. पूर्वी ती सायप्रसच्या एकाच खोडातून कोरून काढीत. फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्समध्येही तशीच उथळ होडी चाले. पाणी गुडघाभर आणि वर गवत, तेथे वल्ह्याचा उपयोग नाही. मागे उभे राहून लांब काठीने तळ रेटीत होडी पुढे न्यावयाची. वल्ह्याचा चुबुक आवाज होतो, काठीचा होत नाही, हाही तिचा गुण. कपाळावर दिवा असे : आधी भिंगाचा तेलाचा कंदील, मग कार्बाइडचा दिवा, त्यानंतर विजेचा.

दिव्याचा उपयोग केवळ पाहण्यासाठी नव्हता. ॲलिगेटरच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतविणारा एक थर असतो. अंधारात त्याच्यावर झोत पडला की डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. दिवा शिकाऱ्याच्या कपाळावर, म्हणजे त्याच्या नजरेच्या रेषेत, असेल तरच ही चमक त्याच्याकडे परत येते. बाजूला धरलेल्या कंदिलाने ती दिसत नाही. शिवाय झोतामागची होडी व माणूस प्राण्याला दिसत नाहीत. पाण्यावर डोळे व नाकपुड्या एवढेच दिसत असता प्राण्याची लांबी ताडण्याचा एक जुना आडाखा आहे : डोळ्यांपासून नाकपुडीपर्यंत जितके इंच तितके फूट लांबी. दहा इंच अंतर म्हणजे दहा फुटी प्राणी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरक्षर शिकाऱ्यांनी केवळ पाहून बसविलेले हे प्रमाण पुढे मोजमाप करणाऱ्यांनाही स्थूलमानाने मान्य झाले.

इथपर्यंतचे सारे कौशल्य कौतुकास पात्र आहे. दोष होता तो शेवटच्या क्षणात. होडी जवळ आली की शिकारी डोक्यावर गोळी झाडी. गोळी वर्मी लागली तरी प्राणी बुडे. अर्धवट लागली तर तळाशी जाऊन गवतात शिरे व पुढे कोठेतरी मरे. गढूळ पाण्यात आकडीच्या काठीने चाचपडून जे हाती लागतील ते लागत, उरलेले वाया. त्यांचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याच्या वहीत नसे. आधी गोळी आणि मग आकडी, हा जो क्रम बंदुकीने रूढ केला, तो ईजिप्तच्या गळाच्या अगदी उलट होता.

दिवसाची एक पद्धत ह्याहूनही घातक ठरली. उन्हाळ्यात पाणी आटले की प्राणी चिखलातील बिळांत राहतात. शिकारी लांब काठीला लोखंडी आकडा लावून बिळात घाली, प्राणी लागला की आकडा अडकवून त्याला ओढून काढी. साधन निर्दोष, नेम चुकण्याचा प्रश्न नाही. पण आतल्या दलदलीच्या उथळ डोहांत व बिळांत राहणाऱ्या प्राण्यांत अंडी घालणाऱ्या माद्या फार. म्हणजे ज्यांना सर्वांत आधी वाचवावयाचे त्याच सर्वांत आधी हाती लागत. लुइझियानातील एव्हरी बेटावरील मॅकिलहेनी ह्यांनी १९३५ मध्ये ॲलिगेटरच्या जीवनक्रमावर ग्रंथ लिहिला. १८८० ते १९३३ ह्या काळात एकट्या लुइझियानातून तीस ते पस्तीस लाख कातडी गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. १८९० मध्ये आपण एकोणीस फूट दोन इंचांचा प्राणी मोजल्याचेही ते सांगतात. त्यावर आज फारसा कोणी विश्वास ठेवीत नाही. शिकारीच्या अधिकृत नोंदींतील आजवरचा सर्वांत मोठा म्हणून गणला जाणारा प्राणी २०१४ मध्ये अलाबामात धरला गेला. तो पंधरा फूट नऊ इंचांचा होता.

हानी केवळ एका प्राण्याची नव्हती. ॲलिगेटर शेपटीने व तोंडाने गाळ उकरून डोह करतो. कोरड्या दिवसांत एव्हरग्लेड्समध्ये पाणी उरते ते अशा डोहांत, आणि मासे, कासवे व बगळे त्यावर जगतात. डोह राखणारा गेला की डोह भरतो; मग बगळ्यांनाही राहण्याचे कारण उरत नाही. ही साखळी लोकांच्या ध्यानात आली तोपर्यंत प्राणी विरळ झाले होते.

लुइझियाना राज्याने १९६२ मध्ये शिकार बंद केली. १९६७ मध्ये मध्यवर्ती सरकारने ॲलिगेटरला नष्ट होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. तरी चोरटी शिकार थांबेना, कारण एका राज्यात मारलेल्या प्राण्याचे कातडे दुसऱ्या राज्यात उजळ माथ्याने विकता येई. १९६९ मध्ये लेसी कायद्याला दुरुस्ती होऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अशा आंतरराज्य व्यापारास बंदी झाली, तेव्हा बाजारच बसला. प्राण्याच्या जीवावर उठलेला बाजार असतो तेव्हा पाण्यावर पहारा ठेवून भागत नाही, पेठेत पहारा ठेवावा लागतो, हा ह्यातील धडा.

येथून पुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संख्या वाढू लागल्यावर लुइझियानाने १९७२ मध्ये कॅमेरॉन परगण्यापुरती शिकार पुन्हा खुली केली. पण जुन्या रीतीने नव्हे. रॉकफेलर अभयारण्यातील टेड जोआनेन व लॅरी मॅकनीज ह्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. सप्टेंबरात माद्या आतल्या उथळ दलदलीत घरट्यांजवळ असतात, नर मात्र कालव्यांच्या व तळ्यांच्या खोल, उघड्या पाण्यात असतात, असे त्यांना आढळले. म्हणून हंगाम सप्टेंबरात ठेविला. वेळ ठरविली सूर्योदय ते सूर्यास्त. रात्रीचा दिवा बाद झाला. आणि मुख्य साधन ठरले ते गळ.

ह्या गळाची मांडणी साधी पण विचारपूर्वक आहे. होडीतून जाऊन चिखलात काठी तिरपी रोवतात. जाड दोराचे एक टोक मजबूत खुंटाला किंवा झाडाला बांधतात, दुसऱ्याला मोठा गळ व त्यावर कोंबडीचे किंवा गोमांसाचे आमिष. दोर काठीच्या फटीत हलकेच अडकवून आमिष पाण्याच्या वर फूटदीड फूट लोंबत ठेवतात. उंची जितकी अधिक तितका मोठाच प्राणी तेथवर पोचणार. लहान जीव आपोआप वगळले जातात. आमिष ओढताच दोर फटीतून सुटतो, प्राणी ते गिळून पाण्यात जातो, आणि गळ पोटात अडकतो. दोर रोज तपासावे लागतात. सकाळी होडी येते, ताणलेला दोर हळूहळू ओढून प्राण्याला वर आणतात, आणि डोके होडीच्या काठाशी आल्यावर जवळून एकच गोळी घालतात. प्रत्येक कातड्याला सरकारी क्रमांकाची पट्टी लावावी लागते, आणि पट्ट्या किती मिळणार हे जमीनमालकाकडे दलदल किती व कशी आहे ह्यावर ठरते. दलदल बुजविली तर पट्ट्या गेल्या. तेव्हा दलदल राखणे हेच मालकाच्या हिताचे झाले.

फ्लॉरिडाने १९८८ मध्ये राज्यभर हंगाम सुरू केला तेव्हा निराळी वाट धरली. तेथे आमिष लावलेला गळ वर्ज्य आहे. त्याऐवजी होडीतून प्राण्याजवळ जाऊन त्याला हाती धरलेल्या दोराशी जोडावे लागते. त्यासाठी साधने अनेक. पहिले, हार्पून : भाल्याचे काटेरी अग्र दांड्यापासून सुटे होणारे असते, ते कातड्यात रुतले की दांडा हाती राहतो आणि दोर प्राण्याबरोबर जातो. दोराला बोया बांधला असेल तर प्राणी तळाशी गेला तरी बोया त्याची वाट दाखवितो व होडी मागोमाग जाते. दुसरे, जड तिहेरी गळ : दणकट काठीने तो प्राण्यापलीकडे फेकून झटक्याने ओढतात आणि तो बाहेरून अडकवितात. तिसरे, लांब दांड्याचा फास. चौथे, लाकडी खुंटी : दोन इंचांहून आखूड लाकडाचा तुकडा मध्यावर दोराने बांधून आमिषात लपवितात, प्राण्याने गिळल्यावर दोर ताणला की खुंटी पोटात आडवी होते.

प्राणी दोराला लागल्यावर शिकाऱ्याचे मुख्य काम म्हणजे धीर धरणे. ॲलिगेटरचे बळ प्रचंड, पण दम थोडा. जोराची धडपड करताना त्याचे स्नायू श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवाचून चालतात आणि लवकर थकतात. मग सावरावयास फार वेळ लागतो. म्हणून अनुभवी माणूस घाईने ओढीत नाही. प्राणी गिरक्या घेईल तेव्हा दोर सैल सोडतो, तळाशी बसेल तेव्हा पुन्हा ताण देतो. शेवटी तो होडीशी आला की काठीच्या टोकाला काडतूस बसविलेले 'बँग स्टिक' नावाचे साधन कवटीच्या मागच्या कडेला टेकवून दाबतात. दाबताच बार उडतो. दोराला न जोडलेल्या प्राण्यावर हा बार उडविणे तेथे गुन्हा आहे. त्यानंतरही जबडा चिकटपट्टीने बांधावा, हा नियम सुज्ञ शिकारी मोडीत नाही. मेलासा वाटणारा प्राणी होडीत जिवंत झाल्याने पुष्कळांची बोटे गेली आहेत. जबडा मिटण्याचे स्नायू जितके बळकट तितकेच उघडण्याचे दुबळे असतात, म्हणून साधी पट्टीही पुरते. तिमुकुआंनी उघडा जबडा हेरला होता, आजचा शिकारी मिटलेला हेरतो, एवढाच फरक.

आता सर्व साधने एका ओळीत मांडून पाहावीत. हिरॉडोटसचा गळ, तिमुकुआंचा ओंडका, आजचा हार्पून ह्यांत आधी पकड आहे व मग घाव. मधल्या शंभर वर्षांत बंदूक व दिवा आले तेव्हा घाव आधी झाला आणि पकड नशिबावर राहिली. शिकार सोपी झाली, पण वाया जाणाऱ्या जीवांना गणती उरली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या कायद्याने नवे यंत्र शोधून काढले नाही. त्याने जुना क्रम परत आणला. ज्याला धरता येत नाही त्याला मारू नये, एवढेच त्याचे सार आहे. १९८७ मध्ये ॲलिगेटर पूर्णपणे सावरल्याचे जाहीर झाले.

ह्यावरून शिकारीनेच प्राणी वाचतात असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. तेथेही आधी दहा वर्षे संपूर्ण बंदी होती आणि बाजार मोडला होता. त्यांवाचून नुसत्या गळाने काही झाले नसते. आपल्या देशाने दुसरा मार्ग घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला अभय दिले आणि १९७५ पासून अंडी उबवून पिले नद्यांत सोडण्याचा प्रकल्प चालविला. बडोद्यासारख्या भर शहरात मगर मनुष्याच्या शेजारी राहते, ते ह्या अभयामुळे. दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे : तेथे काही प्राण्यांच्या जिवाची, येथे काठावरच्या गरीब माणसाच्या सावधगिरीची, आणि कधी त्याच्याही जिवाची. ती किंमत कोण देतो ह्याचा विचार केल्यावाचून कोणत्याही मार्गाची स्तुती करू नये, असे आम्हांला वाटते.

शाळांतून आम्ही मुलांना हत्यारांचा इतिहास शिकवितो तो बहुधा लढायांच्या अनुषंगाने : कोणाची तोफ लांब पल्ल्याची, कोणाची तलवार पाणीदार. दोर, गळ, खुंटी आणि होडी ह्यांना त्या इतिहासात जागा नसते. परंतु एखाद्या समाजाने आपल्या सामर्थ्याला कोठे आवर घातला हे पाहावयाचे असेल तर अशाच साधनांकडे पाहावे लागते. पुराणातला ग्राह धरलेले सोडीत नव्हता, आणि त्याला सोडवावयास प्रत्यक्ष श्रीहरीला धावावे लागले. मनुष्याची पकड त्याहून घट्ट झाली आहे. ती कोठे सैल करावयाची हे मात्र त्याचे त्यालाच शिकावे लागते.